मदत हवी आहे : नवव्या पायरीतील अपवाद कसा समजावा?
माझे धाकटे दीर दारू सोडल्यापासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना नियमित जातात; दारू सोडू पाहणाऱ्यांच्या या संघटनेचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम ते पाळतात. आपण दुखावलेल्यांची यादी आठव्या पायरीत त्यांनी केली आहे. पूर्वी त्यांनी जाऊबाईंच्या पाटल्या परस्पर गहाण टाकल्या, त्या बुडाल्या, आणि चोरीचा आळ मात्र घरकामाच्या मावशींवर येऊन त्यांचे काम गेले. नववी पायरी प्रत्यक्ष भरपाई करायला सांगते, पण त्यामुळे कोणाला इजा होणार असेल तर नाही, असा अपवादही ठेवते. पाचव्या पायरीत देवापुढे आणि स्पॉन्सरपुढे (म्हणजे त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या जुन्या सदस्यापुढे) कबुली दिलीच आहे, आता संसार कशाला मोडायचा, असे दीर म्हणतात. मला (स्पष्टच लिहिते) ही पळवाट वाटते. या मार्गाने गेलेल्यांनी कृपया सांगावे, अशा वेळी तुम्ही आधी कोणाशी बोललात आणि कसे?