बाबांच्या प्रयोगवह्यांतली घरहिशेबाची पानं कापून काढू का?

गावभागातली_लेक

नमस्कार मंडळी. माझे बाबा कोल्हापूरला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे. राहायला आम्ही सांगलीत, गावभागात. सकाळची पॅसेंजर त्यांनी कित्येक वर्षं चुकवली नाही. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. आता घर विकायचं ठरलंय, पाडव्याच्या आत खोली रिकामी करायची आहे.

खोलीत दोन ट्रंका आणि नऊ खोकी. २६ प्रयोगवह्या, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे खर्डे, परगावच्या प्राध्यापकांची पत्रं, परीक्षक म्हणून लिहिलेले अहवाल, यंत्रातून निघालेल्या आलेखांच्या गुंडाळ्या. त्यांचं काम हळदीवर. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, ठेवलेल्या हळदीत सहा महिन्यांनी, वर्षाने कुरकुमीन (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) किती उरतं ते मोजत बसायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर पेव उघडताना बघायला गेले आहे. आतली हवा कोंडलेली असते, लगेच उतरायचं नाही, म्हणून आम्ही कडेला कितीतरी वेळ नुसते उभे.

२०१९ च्या पुरात खालची ट्रंक भिजली. पाच वह्यांची पानं चिकटलीत. शाईचं लिखाण पसरलंय, पण पेन्सिलीने टिपलेली तापमानं जशीच्या तशी आहेत.

दादा म्हणतो, प्रबंध आणि छापील लेख ठेव, बाकी रद्दीत घाल. मला ते जमणार नाही. पण कुणा संस्थेला द्यायचं तर कामाचे कागद वेगळे हवेत ना? वह्यांच्या मधल्या पानांवर दुधाचा हिशेब, माझी फी, आईच्या गोळ्या असं सगळं आहे. ती पानं ब्लेडने कापायला घेतलीत, चार झाली. बरोबर करतेय ना? शिवाय एका खोक्यात सात छोट्या बाटल्या आहेत. एकीत पिवळे खडे सुकून बसलेत, हळदीचाच अर्क असावा. झाकण घट्ट बसलंय, चिठ्ठी पुसलीय. धुऊन टाकू का?

कराडचा_केमिस्ट

ताई, बाकीचं नंतर. त्या पिवळ्या खड्यांच्या बाटलीला हात लावू नका. झाकण फिरवू नका, हलवू नका, धुऊ तर मुळीच नका. जुन्या प्रयोगशाळांत पदार्थ ओळखण्यासाठी पिक्रिक आम्ल नावाचं पिवळं रसायन सर्रास वापरायचे. ते कायम ओलं ठेवावं लागतं. पूर्ण सुकलं आणि झाकणाच्या आट्यांत खडे अडकले, तर नुसत्या घर्षणाने स्फोट होऊ शकतो. हळदीचा अर्कही असेल, पण नुसतं बघून ते ठरवायचं नाही. खोली बंद करा, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका आणि अग्निशमन दलाला फोन करा. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागालाही कळवा. आजच.

निवृत्त_ग्रंथपाल, सातारा

मुली, वरचं काम झालं की ते ब्लेडही ठेवून दे. कागद ज्या क्रमाने माणसाने ठेवले त्याच क्रमाने राहू द्यायचे, हा अभिलेखागारातला पहिला नियम. कुठल्या प्रयोगानंतर दुधाचा हिशेब आला, हीसुद्धा माहिती आहे. कापलेली चार पानं जिथली तिथे ठेव, शिवू नकोस, चिकटवू नकोस, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून ठेव.

चिकटलेली पानं ओढून सोडवू नकोस. बुरशीची भुकटी दिसली तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाड. टाचण्या गंजल्या असतील, त्या हलकेच काढ. गुळगुळीत थर्मल कागदावरचे फॅक्स असले तर आधी त्यांच्या झेरॉक्स काढ, तो मजकूर उष्णतेने आणि उजेडाने उडून जातो. डांबरगोळ्या टाकू नकोस. आणि खोकी जमिनीवर नकोत, सांगलीत तर नकोतच.

मिरजवाला

द्यायचं कुठे, तर बाबांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारा. बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचं अभिलेखागार २०१९ मध्ये सुरू झालं, तिथे शास्त्रज्ञांचे कागद जपतात. दोन्हीकडे आधी यादी पाठवा, थेट खोकी नको. एक लक्षात ठेवा, पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा असतो, तो गेल्यावर त्याच्या वारसांचा. परीक्षकाचे अहवाल लगेच खुले करू नका, त्यात इतरांच्या विद्यार्थ्यांबद्दल लिहिलेलं असतं.

गावभागातली_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काका, तुमचा निरोप वाचला आणि हात थरथरायला लागले. मी आदल्याच दिवशी ते झाकण फडक्याने पकडून फिरवून बघितलं होतं. अग्निशमन दलाचे लोक आले, विभागातलेही दोघं आले, बाटली नेली. पिक्रिकच होतं.

ग्रंथपाल काका, मी कापलेली पानं परत वाचली. तिसऱ्या पानावर दुधाचे आकडे, त्याखाली माझ्या वह्यांचे पैसे आणि मग बाबांच्या बारीक अक्षरात: "शनिवारी बाटली ७ मध्ये पाणी घालणे. विसरू नये." त्या वहीत पुढे दर महिन्याला एकदा, हिशेबाच्या पानावरच ती ओळ येते. आईचं आजारपण सुरू झालं त्या पानानंतर ती दिसत नाही.

चारही पानं जागेवर ठेवली आहेत. यादीला आजपासून लागले, पहिल्या खोक्याच्या ४१ नोंदी झाल्या. दादाही रविवारी येतोय, आलेखांच्या गुंडाळ्या त्याच्याकडे दिल्यात.