मदत हवी आहे: विनियोजन विधेयकातले ठिपके

भाची राज्यसेवेचा अभ्यास करतेय. परवा जेवता जेवता तिने एक प्रश्न टाकला आणि माझी पंचाईत झाली. बँकेत ३० वर्षं काढली, आकड्यांना भीत नाही, पण इथे गाडी अडली.

खात्यांच्या अनुदानाच्या (म्हणजे खर्चाच्या) मागण्या लोकसभेत मताला टाकतात, इथवर ठीक. २३ मार्च २०२३ ला तर गोंधळातच सगळ्या मागण्या 'गिलोटिन' झाल्या, म्हणजे चर्चेविना एकदम मताला टाकून मंजूर. साधारण ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प आणि चर्चा शून्य! (आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीवर दीड तास भांडतात.) पाठोपाठ तिजोरीतून पैसे काढण्यासाठीचं विनियोजन विधेयकही मंजूर.

मागण्या मंजूर झाल्यावर पुन्हा विधेयक कशाला? शिवाय विधेयकाच्या अनुसूचीत व्याजापुढे 'संसदेने मंजूर केलेली रक्कम' या रकान्यात नुसते ठिपके, आणि शेजारच्या रकान्यात मात्र डोळे फिरतील एवढा आकडा. मग व्याजाला मंजुरी दिली कोणी?

प्रतिसाद १: ताई, तो शेजारचा रकाना 'भारित' खर्चाचा, म्हणजे थेट सरकारच्या मुख्य तिजोरीवर (एकत्रित निधीवर) टाकलेल्या खर्चाचा. व्याज, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार वगैरे त्यात येतं. राज्यघटनेच्या कलम ११३ प्रमाणे त्यावर चर्चा करता येते, मत घेत नाहीत. सरकारने कर्ज काढलंय, व्याज द्यायचं की नाही यावर दरवर्षी हात वर करून कसं चालेल?

पण मत नको म्हणजे कायदा नको असं नाही. एकत्रित निधीतून कायद्याशिवाय छदामही काढता येत नाही, कलम २६६(३). मागणी मंजूर होणं ही फक्त लोकसभेची संमती. तिजोरी उघडते विनियोजन कायद्याने, म्हणून त्यात दत्तमत (मताने मंजूर झालेला) आणि भारित दोन्ही खर्च धरतात. मंजूर झालेली रक्कम बदलणारी दुरुस्ती तिथे मांडता येत नाही. राज्यसभा १४ दिवसांत शिफारशी करू शकते, अडवू शकत नाही. भाचीला कलम २०३, २०४ पण वाचायला सांगा, विधिमंडळाचं तेच आहे.

प्रतिसाद २: आणि कलम ११६, लेखानुदान, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाला आगाऊ मंजुरी. २०२४ ला निवडणुकीमुळे पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला, तोवरचा खर्च त्यावरच चालला.

धागाकर्ती: दोघांचे आभार. ठिपक्यांचा उलगडा झाला. भाचीची पुढची शंका: भारित खर्चावर चर्चा करता येते म्हणता, पण व्याजावर ती झालेली कोणी ऐकलीय का?