.275 रिग्बी विकायला आहे. घ्यावी की सोडावी?

सह्यकडा (सातारा):
ओळखीच्या एका जुन्या घराण्यात .275 रिग्बी आहे, म्हणजे रिग्बी या ब्रिटिश कंपनीची शिकारी रायफल. माउझर पद्धतीचा बोल्ट (नळीमागची सरकती कडी), अक्रोडाचा दस्ता, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. घरातल्या आजोबांना आता परवान्याची धावपळ झेपत नाही आणि पुढच्या पिढीला रस नाही, म्हणून ते विकायला तयार झालेत. किंमत लाखांत. माझ्या परवान्यावर वडिलांकडून आलेली बारा बोअरची छर्‍याची बंदूक आहे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे उरलेली एकुलती एक जागा या रायफलीत जाणार. शिकारीचा विषयच नाही, तो 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर संपला. मला ती सांभाळायची आहे आणि अधूनमधून चालवायची आहे. काय करू?

दहा मीटर (पुणे):
घेऊ नका. मी नेमबाजी करतो आणि जुन्या रायफलींवर माझंही प्रेम आहे, तरी सांगतो.

हिचं काडतूस म्हणजे 7 एमएमचं 7 बाय 57 माउझरच, रिग्बीने इंचात नाव दिलेलं. आपल्याकडे रायफलीचं सहज मिळणारं काडतूस कोणतं? .315, म्हणजे आठ एमएम केएफ, आपल्या खडकीच्या कारखान्याचं. 7 एमएम माउझरचं काडतूस बाहेरून येतं, ते क्वचित येतं, आणि आलं तर किंमत ऐकून माणूस दुकानातून परत फिरतो. रिकाम्या केसेस घरी भरू म्हणाल, तर परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्यात हत्यार बनवण्याइतकाच गुन्हा आहे. शिक्षा किमान 7 वर्षं.

बरं, काडतुसं मिळाली, तर चालवणार कुठे? बालेवाडीची रेंज 10, 25 आणि 50 मीटरची. तिथे ही रायफल कोणी आत आणू देणार नाही. शेतावर तर मुळीच नको. गोळी हुकली तर दोन-तीन किलोमीटर जाते, आणि आपल्याकडे तेवढ्या अंतरात वस्ती नाही असं शिवार दाखवा.

जुनं लोखंड (कोल्हापूर):
दहा मीटर यांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. रायफल रोज चालवायलाच घेतात असं कुठे आहे?

सामान्य परवानाधारकाला बाहेरून हत्यार मागवायला 1980 च्या दशकापासून बंदी आहे. म्हणजे संस्थानांच्या काळात जेवढ्या रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अशा ब्रिटिश कंपन्यांच्या रायफली इथे आल्या, तेवढ्याच. त्यात भर पडणार नाही. परवानेवाला वारस नाही म्हणून अशा रायफली पोलिसांत जमा होतात आणि पुढे इतर लोखंडाबरोबर नष्ट होतात. हे होऊ द्यायचं का? चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर जिम कॉर्बेटना 1907 मध्ये जी रायफल भेट मिळाली, ती याच जातीची. ती 2015 मध्ये रिग्बी कंपनीने स्वतःकडे परत घेतली. त्यांना तिची किंमत कळते, आपल्याला का कळू नये?

सह्यकडा, नंबर लिहून घ्या. कंपनीकडे जुन्या नोंदवह्या आहेत, कोणासाठी बनवली ते कळू शकतं. माणूस जपेल अशी खात्री असेल तर घ्यावी.

तळकोकण:
आमच्याकडे शेती संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, नेमकी तेव्हा बागेत वानरं असतात. जमा केलेली बंदूक परत मिळते तेव्हा नळीला गंज धरलेला असतो. तुमची लाखांची वस्तू त्या खोलीत इतर पन्नास बंदुकांवर उभी करून ठेवलेली तुम्हाला बघवेल का, याचा विचार आधी करा. अर्ज करून सूट मागता येते, पण मिळेलच असं नाही.

रानवाट:
कोणी मारणार नाही हे मान्य. तरी शिकारीच्या हत्याराला असा मान देणं मला खटकतं. त्या काळात सह्याद्रीतली जनावरं याच रायफलींनी संपवली.

जुनं लोखंड:
म्हणूनच ती दिसायला हवी. पुरावा वितळवून इतिहास बदलत नाही.

काळी माती (यवतमाळ):
मी तिसरंच बोलतो. आमच्या भागात रोही (नीलगाय) आणि रानडुकरं एका रात्रीत पीक झोपवतात. वनखात्याची परवानगी मिळाली तरी बारा बोअरच कामाला येते. तुमच्या मुलाबाळांपैकी कोणी पुढे नेमबाजीत उतरणार असेल तर ती मोकळी जागा राखून ठेवा, असं मी म्हणणार होतो. पण परवाना तुमचा आहे, मुलाला त्याचा वेगळा काढावा लागेल. त्यामुळे तो मुद्दा तुमच्या बाबतीत लागू नाही. घ्यायचीच असेल तर आतून बघून घ्या.

दहा मीटर:
हो, यावर मात्र सगळ्यांचं एकमत व्हावं. त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमधून (ठिणगी देणाऱ्या टोपीतून) नळीत क्षार राहायचे. गोळी झाडल्यावर उकळत्या पाण्याने धुतली नाही, की पावसाळ्यात आतून खड्डे पडत. बाहेरून चकचकीत, आतून चाळण, अशा रायफली मी पाहिल्या आहेत. बोल्ट काढून उजेडाकडे धरा, नळीतल्या आट्यांच्या (पिळाच्या खाचांच्या) कडा धारदार दिसल्या पाहिजेत. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुकीची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, ठसे आहेत का ते पाहा. दुर्बीण बसवायला कोणी भोकं पाडली असतील तर संग्राहकाच्या दृष्टीने भाव पडतो. हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसल्यावर बोल्टपर्यंत उरणारी जागा, जाणत्या कारागिराकडून मोजल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

माझं मत तेच, घेऊ नका. पण नळी खरंच चांगली निघाली, तर मलाही एकदा बघायला बोलवा.

सह्यकडा:
सगळ्यांचे आभार. चालवायचा हट्ट सोडला. काडतुसांचा मुद्दा मला खोडता येत नाही. जपण्यासाठी घ्यायची इच्छा मात्र वाढली आहे. बंदुकीच्या कारागिराला घेऊन रविवारी जातोय. नळी खराब निघाली तरी घेईन, फक्त आजोबांशी किंमत पुन्हा बोलेन. विकण्याआधी 45 दिवस त्यांनी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, ते पत्र मीच लिहून देणार आहे.

दहा मीटर:
माझ्या मते चुकताय. पत्राची पोच घ्या, शिक्क्यासकट.