गणपतीला गावी सहा मुलं आणि एकच टीव्ही : कोणते व्हिडिओ गेम घ्यावेत?

खाजणकाठ

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. गणपतीला चाकरमानी आले की ५, ७, ८, ११, १३ आणि १५ वर्षांची सहा मुलं घरात असतात. आरत्या आणि जेवणं सोडली तर पावसात सगळी आपापला मोबाइल घेऊन कोपरे धरतात. यंदा माजघरात एका टीव्हीसमोर एकत्र खेळता येईल असं काहीतरी घ्यायचं आहे. आजी-आजोबांनाही हातात धरता आलं तर फारच बरं.

टीव्ही ३२ इंची आहे. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी आहे. वायफाय नाही, मोबाइलला पडवीच्या टोकाला कशाबशा दोन काड्या. लाईट दिवसातून दोन-तीनदा जातेच. बंदुकांचे गेम नकोत. मशीन कोणतं घ्यावं आणि गेम कोणते? डब्यावर ३+, ७+ असं छापलेलं असतं, त्यावर विसंबायचं का?

सुरंगी

आकड्यांपासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. युरोपच्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात. गेममध्ये हिंसा, शिवीगाळ, भीतिदायक दृश्यं किती, एवढंच ते सांगतात. गेम सोपा आहे की अवघड, हे त्यांत येत नाही. फुटबॉलच्या गेमवर ३ छापलेलं असतं, पण त्यातली बटणं पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाहीत, आणि आत पैसे देऊन नशिबाची पाकिटं फोडायची सोयही असते. तेव्हा काय टाळायचं हे आकड्यावरून ठरवा, काय घ्यायचं ते नाही.

घेताना एकच कसोटी लावा : सगळ्यांत लहान खेळाडू चुकला तर बाकीच्यांचा खेळ अडतो का? अडत असेल तर दुसऱ्या दिवशी त्या पाच वर्षांच्या पोराला कोणी खेळायला घेत नाही.

या कसोटीला सगळ्यांत नीट उतरतो तो निन्टेंडो स्विच या गेमच्या मशीनवरचा (कन्सोलवरचा) गाड्यांच्या शर्यतींचा मारिओ कार्ट ८ डिलक्स. एका टीव्हीवर चौघं खेळतात. गाडी निवडायच्या पडद्यावर अधिक खुणेचं (+) बटण दाबलं की स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप ॲक्सिलरेटर असे दोन पर्याय दिसतात. पाच वर्षांच्या मुलाला आणि आजीला दोन्ही चालू करून द्या : गाडी आपणहून पळते, रस्ता सोडत नाही, त्यांनी फक्त वळवायची आणि हातात आलेली केळ्याची सालं फेकायची. ११ वर्षांपुढच्यांना स्मार्ट स्टिअरिंग बंद करायला लावा. हे न सांगता चालू असतं आणि त्यामुळे आडवाटांचे शॉर्टकट घेता येत नाहीत. मोठी मुलं मग ‘गाडी ऐकत नाही’ म्हणून कुरकुरतात. स्मार्ट स्टिअरिंग चालू असेल तर गाडीच्या मागे छोटा अँटेना दिसतो, त्यावरून लगेच कळतं.

शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते, चार शर्यतींचा एक कप होतो. एक कप झाला की रिमोट पुढच्याला, असा नियम पहिल्याच दिवशी घाला. सहा जणांत चार रिमोट बरोबर पुरतात, दोघं बघायला. फक्त ३२ इंची टीव्हीचे चार भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला १६ इंच येतात. सतरंजी टीव्हीपासून पाच-सहा फुटांवरच टाका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर गाडी जरा उशिरा वळते आणि मुलं रिमोटला दोष देतात.

दुसरा घ्या सुपर मारिओ ब्रदर्स वंडर (२०२३). इथेही चौघं. योशी किंवा नॅबिट घेतला तर शत्रूचा धक्का लागून मरत नाही, म्हणून ही पात्रं धाकट्यांसाठी. खड्ड्यात मात्र तीही पडतात. कोणी मेलं की त्याचं भूत होतं आणि पाच सेकंदांत दुसऱ्याने जाऊन त्याला शिवलं की तो पुन्हा उभा. शिवाशिवी मुलांना शिकवावी लागत नाही, पहिल्या पाच मिनिटांत मोठी मुलं धाकट्यांना ‘थांब, आलो’ म्हणायला लागतात. याच मालिकेतला आधीचा न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्यात खेळाडू एकमेकांवर आदळतात आणि धाकटा थोरल्याला नकळत दरीत ढकलतो. भांडण ठरलेलं.

फ्यूजतार

मशीनचं बोलू. तुमच्या घराची खरी अडचण लाईट, खारा वारा आणि रेंज ही आहे, आणि तिन्ही बाजूंनी स्विचच सोयीचा पडतो.

हिशेब असा. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॉट-तास. बॅटरीचं वय आणि गळती धरून हाती ११०० धरा. टीव्ही साधारण ५० वॉट, डॉकमधला (टीव्हीला जोडायच्या खोबणीतला) स्विच १५, एक पंखा ७०, दोन दिवे २० : एकूण १५५, म्हणजे सात तास. स्विचच्या जागी पीएस ५ (प्लेस्टेशन ५) ठेवला तर तो एकटाच खेळताना २०० च्या आसपास खातो आणि तुमचे तीन तास होतात. शिवाय स्विचला स्वतःची बॅटरी आहे, लाईट गेली तर टीव्ही विझेल पण गेम तसाच राहील. बाकीच्या कन्सोलचं तसं नाही. गेम सेव्ह होत असतानाच वीज गेली तर सेव्ह फाइल खराब होऊ शकते. इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असतं. यूपीएसवर बदल इतका पटकन होतो की कन्सोल बंद पडत नाही. पण त्या मोडला साधारण १८० व्होल्टच्या खाली चालत नाही. गावात संध्याकाळी दाब पडला की इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जातो आणि रात्री आरतीच्या वेळी बॅटरी उतरलेली असते. म्हणून स्विच असेल तर इकोवरच ठेवा.

‘लाइट’ नावाचं स्विचचं मॉडेल घेऊ नका, ते टीव्हीला लागतच नाही. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, मिळतो तो आयात केलेला. तेव्हा वॉरंटी दुकानदाराची, बिलावर लिहूनच घ्या. प्लग परदेशी असला तरी अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त पिन बदलणारा सॉकेट लागतो, ट्रान्सफॉर्मर नाही. चार्जर मात्र मूळचाच हवा. मोबाइलच्या साध्या चार्जरवर मशीन हळूहळू चार्ज होईल, पण डॉकमधून टीव्हीवर चित्र येणार नाही. कित्येक जण इथे डॉक बिघडला समजून परत करायला धावतात.

आता खारा वारा. हवेतलं मीठ पोर्टवर बसतं, मीठ ओल धरून ठेवतं, आणि त्या ओलीत तांब्याला हिरवा गंज चढतो. डॉक खिडकीपाशी ठेवू नका. खेळून झालं की मशीन आणि रिमोट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची १००-१५० ग्रॅमची पुडी. रंग बदलला की ती लोखंडी तव्यावर मंद आचेवर कोरडी करून परत टाका. तांदळात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पिठी पोर्टमध्ये जाते. मुंबईहून एसी गाडीतून आणलेलं मशीन दमट माजघरात लगेच चालू करू नका. थंड भांड्याला बाहेरून घाम फुटतो तसा आत फुटतो. पिशवीतच तासभर राहू द्या.

वीज कडाडायला लागली की नुसता प्लग काढून भागत नाही. डिशच्या केबलमधून झटका टीव्हीत येतो आणि एचडीएमआयवरून कन्सोलमध्ये. एचडीएमआयची वायरही उपसा.

कळशी

रेंजचं नाव निघालं, पण त्यावर काय करायचं ते कोणी बोललं नाही. सगळी आगोट मुंबईतच करा. खोकं उघडून मशीन चालू करायचं, सिस्टीम अपडेट घ्यायचं, प्रत्येक गेम एकदा उघडून त्याचं अपडेट घ्यायचं, मग विमान मोड लावून प्रत्येक गेम दहा मिनिटं खेळून बघायचा. विमान मोडमध्ये चालला तोच गावी चालणार. कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायचं गेमचं छोटं कार्ड) घेताना वेष्टनावर ‘डाउनलोड आवश्यक’ अशी सूचना नाही ना, ते पाहा. काही खोक्यांत तर नुसता कोड असतो. आणि पाच वर्षांचं मूल घरात असेल तर एक कामाची माहिती : स्विचच्या कार्ट्रिजवर मुद्दाम अतिकडू लेप दिलेला असतो, तोंडात घातलं तर थुंकून टाकतात.

खाजणकाठ

खूप आभार. दोन शंका. १५ वर्षांच्या मुलीला हे सगळं ‘बाळबोध’ वाटेल. आणि ओळखीत जुना पीएस ४ मिळतोय, तो घ्यावा का?

सुरंगी

तिच्यासाठी ओव्हरकुक्ड : ऑल यू कॅन ईट. स्वयंपाकघर, ऑर्डरी येत राहतात, चौघांनी मिळून चिरायचं, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. हा अजिबात बाळबोध नाही, तीन मिनिटांत घाम काढतो. तिला मुकादम करा : ती फक्त ऑर्डर वाचून कामं वाटून देईल. सात वर्षांच्याला भांडी घासायला ठेवा. तिथे एकच बटण दाबायचं असतं आणि ताट धुतलं नाही तर सगळं अडतं, त्यामुळे काम सोपं पण मानाचं. सेटिंगमध्ये असिस्ट मोड आहे, वेळ वाढवून मिळतो, न जमणारी पातळी ओलांडता येते. पहिल्या दिवशी लाज न बाळगता तो लावा.

इट टेक्स टू सुद्धा चांगला, पण बरोबर दोघांचाच, आणि त्याला पेगी १२ आहे. १३ आणि १५ वाल्यांनी रात्री धाकटे झोपल्यावर खेळावा.

पाटपाणी

टीव्हीसुद्धा नको असेल तेव्हासाठी कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स (२०१५). एकच मोबाइल किंवा लॅपटॉप, गेमची एकच प्रत, नेट लागत नाही. एकाला पडद्यावर खोटा बॉम्ब दिसतो, बाकीच्यांच्या हातात २३ पानांची पुस्तिका. त्यांनी पडद्याकडे बघायचं नाही. पुस्तिका फुकट मिळते, गावी यायच्या आधी दोन प्रती छापून आणा.

मजा भाषेत आहे. आठ वर्षांचा ओरडतो, ‘तीन वायरी आहेत, निळी, निळी, लाल!’ पुस्तिकेतला तीन वायरींचा नियम इंग्रजीत आहे, १५ वर्षांच्या मुलीने तो भराभर मराठीत सांगायचा : लाल एकही नसेल तर दुसरी काप. नाहीतर शेवटची पांढरी असेल तर शेवटची. नाहीतर निळ्या एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी. नाहीतर शेवटची. क्रम मोडला की चुकलंच. वरच्या उदाहरणात लाल आहे, शेवटची पांढरी नाही, निळ्या दोन, म्हणून मधली कापायची. पहिल्या बॉम्बला पाच मिनिटं आणि दोन चुका माफ, तिसरीला स्फोट. आजोबांना पुस्तिका द्यायला हरकत नाही, अक्षर मोठं करून छापा.

फ्यूजतार

पीएस ४ चा विचार शेवटचा पर्याय म्हणून करा, आणि किनाऱ्यावर राहिलेलं मशीन असेल तर नकोच. बघायला जाल तेव्हा डिस्क घालून बाहेर काढून पाहा, अर्धा तास गेम चालवून पंख्याचा गोंगाट ऐका, एचडीएमआय हलवून चित्र तुटतं का बघा, आणि रिमोट टेबलावर ठेवून द्या : हात न लावता पात्र चालायला लागलं तर अंगठ्याने दिशा द्यायची काडी झिजली आहे. मालकाचं खातं काढून मशीन कोरं करून मगच पैसे.

हाच दोष स्विचच्या जॉयकॉनमध्येही (सोबत येणाऱ्या छोट्या रिमोटमध्ये) येतो. आधी सिस्टीम सेटिंगमध्ये कंट्रोलर विभागात जाऊन काडी कॅलिब्रेट करून बघा, नाही जमलं तर काडी बदलावी लागते. सोबत येणारी जोडी आडवी धरली की दोघांना पुरते, चौघांसाठी आणखी एक जोडी घ्या. मोठ्यांच्या हाताला आडवा जॉयकॉन फार लहान पडतो. आजोबांसाठी मोठा प्रो कंट्रोलर बरा.

शेवटी ती मनगटाची पट्टी. आडवा धरताना कडेची दोन छोटी बटणं दाबायला तीच लागते. पट्टीवर अधिक किंवा वजा खूण असते. जॉयकॉनवरची खूण तीच असेल तरच सरकवा. उलटी घातली तर अडकून बसते आणि मुलं दातांनी ओढतात. अडकली तर आधी पट्टीचं कुलूप मोकळं करा, मग एका हाताने जॉयकॉन धरून दुसऱ्याने पट्टी ज्या बाजूने घातली त्याच बाजूला सरळ परत ओढा, वाकवू नका.