'सुंदर मी होणार' आणि घरोघरचे महाराज

खडूपुसणी

परवा 'संस्कारी बाबा' यांनी इथे लिहिलं ते वाचल्यापासून डोकं फिरलंय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अकरावीच्या मराठीच्या पुस्तकात, युवकभारतीत, पुलंच्या 'सुंदर मी होणार'चा उतारा आहे, त्यात बापाच्या धाकाखालची मुलं. शेजारीच 'ध्यानीमनी', त्यात अस्तित्वातच नसलेल्या मुलाचा संसार मांडून बसलेली आई. म्हणजे सोळा वर्षांच्या पोरांना आपण 'घर म्हणजे तुरुंग, परंपरा म्हणजे बेडी' एवढंच शिकवतो. परंपरेची बाजू घेणारं एकही नाटक पुस्तकात नाही. खाली पन्नास जणांचं 'अगदी मनातलं बोललात'.

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. 2019 साली पुस्तक बदललं तेव्हापासून हा उतारा शिकवतेय, म्हणून विचारते. बाबासाहेब, या नाटकातली परंपरा नेमकी कुठली, ते सांगाल? भांडण कुळाचारावरून आहे का? देवघरावरून? श्राद्धपक्षावरून? भांडण आहे हुकमावरून. नाटकातल्या बापाचं, म्हणजे महाराजांचं, नंदनवाडी संस्थान विलीन झालंय. मुलूख गेला, दरबार गेला, मुजरे घालणारे गेले. अंमल गाजवायची खोड तेवढी राहिली. मग प्रजा कोण? पोटची मुलं. कोणी कोणाशी बोलायचं, कोणी कोणावर जीव लावायचा, सगळं महाराज ठरवणार, आणि वर 'घराण्याची अब्रू' म्हणणार. हे परंपरेचं रक्षण नाही. ज्याची सत्ता गेली त्या माणसानं घरात उघडलेलं धाकटं संस्थान आहे.

हे नाटक 1958 चं आणि रूपांतरित, हे सगळ्यांना पाठ असतं. पण रूपांतर करताना पुलंनी काय बदललं ते कोणी बघत नाही. मूळ 'द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट' हे रुडॉल्फ बेसियरचं 1930 चं नाटक. त्यातला बाप लंडनचा, मुलांनी लग्नच करायचं नाही असा त्याचा दंडक. कवयित्री एलिझाबेथ बॅरेटनं 1846 मध्ये चोरून कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी लग्न केलं आणि इटली गाठली, ती हीच हकीकत. त्या बॅरेट घराण्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून आलेला, गुलामांच्या कष्टाचा. ब्रिटिश संसदेनं 1833 मध्ये गुलामगिरी बंद केली. तिकडे मळेवाला, इकडे संस्थानिक. दोघांचीही माणसं कायद्यानं त्यांच्या हातातून सोडवलेली. पुलंनी मुद्दाम केलं की सहज सुचलं, देव जाणे. पण आपल्याकडे असा बाप शोधायचा तर याहून नेमका सापडला नसता.

आणि हे मुलांपर्यंत पोचतं का? पोचत नाही. गाइडात उत्तर तयार असतं : 'प्रस्तुत नाट्यउताऱ्यात जुन्या व नव्या पिढीतील संघर्ष प्रभावीपणे चित्रित झाला आहे.' तेवढं पाठ केलं की झालं. तुमचा राग नाटकावर आहे, बाबासाहेब. माझा त्या वाक्यावर आहे.

संस्कारी बाबा

मॅडम, एवढं मोठं व्याख्यान फुकटात दिलंत, आभारी आहे. जमैकापर्यंत नेलंत. पण माझी मुलगी जमैकात शिकत नाही, चिंचवडमध्ये शिकते.

मी चित्रकलेला जाणार होतो. वडिलांनी सांगितलं, डिप्लोमा कर, हाताला काम पाहिजे. नाही म्हटलं नाही. घरात त्यांच्या आवाजावर आवाज चढवायची कोणाची टाप नव्हती. त्या डिप्लोमावर घर झालं, बहिणींची लग्नं झाली. माझे वडील महाराज नव्हते, कंपनीत फिटर होते. तुमच्या हिशेबात तेही 'धाकटं संस्थान' का? पोरांना शिकवा की बापाच्या कडकपणामागे काळजी असते. अशा बापाचं एक नाटक पुस्तकात घाला, मग हे दुसरंही खुशाल घाला.

तिरकी_मात्रा

बाबा, एक विचारू? चित्रं काढता का अजून?

संस्कारी बाबा

तो विषय नाही.

रंकाळावेस

मॅडमचं बाकी सगळं पटलं, पण एक ठसठसतंय. संस्थानिक म्हटलं की नाटकात, सिनेमात, सगळीकडं मिशा पिळणारा, पोरींना कोंडणारा म्हातारा. आमच्या कोल्हापुरात काय झालं ते पण सांगा की राव! शाहू महाराजांचा मुलगा 1918 ला शिकारीत गेला. सून इंदुमती, अगदी लहान पोर. घरातल्यांचा विरोध असताना महाराजांनी तिला शिकवायला घेतलं. हा सासरा, आणि त्या काळात! त्याच्या आदल्या वर्षी संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. तिकडं औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, 1939 ला कारभार रयतेच्या हातात दिला. नंदनवाडी काल्पनिक, ही माणसं खरी. पोरांना खरी माणसं शिकवा आधी.

खडूपुसणी

रंकाळावेस, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. शाहू महाराजांपुढेही परंपरा होतीच की, विधवेनं कोपऱ्यात बसायची. त्यांच्या हाती खरी सत्ता होती आणि ती त्यांनी सुनेला बाहेर काढायला वापरली. नंदनवाडीच्या महाराजांकडे सत्ता उरलेली नाही, म्हणून ते मुलींना आत ठेवतात. दोघे शेजारी ठेवून शिकवले तर 'परंपरा' या नावाखाली काय काय खपतं ते पोरांना आपोआप दिसेल.

रंकाळावेस

तसं शिकवत असाल तर ठीक. पण शिकवत न्हाईत, हेच तर म्हणतोय.

वऱ्हाडी_ठेचा

तुमचं पुणं-कोल्हापूर झालं असन तर आमच्याकडं बी पाहा. कुटुंब अन् परंपरा शिकवाची तर एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' कायले नाही घेत? 1985 चं नाटक. बाप गेला, तेरवी करायची, पैसा नाही. मुंबईचा भाऊ एकीकडं, गावचा दुसरीकडं. बहिणीले शिकाचं होतं, शिकू नाही दिलं. वाड्यापुढं ट्रॅक्टर गंजून राहिला. तेरवीत साऱ्या गावाले जेवू घालाचं की नाही, हा परंपरेचा खरा प्रश्न आहे भाऊ, कारण त्यात कोणीच राक्षस नाही. मोठा भाऊ बी खोटा नाही, धाकटा बी नाही. आमच्या घरी आजोबांच्या तेरवीसाठी दोन एकर गेलं. बाबा म्हणे, लोक काय म्हणतीन. लोक जेवले अन् काहीच नाही म्हणले.

संस्कारी बाबा

हे बघा, असं नाटक असेल तर माझी हरकत नाही. यात दोन्ही बाजू आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

आधी वाचा तं खरं. त्यातली नात घरचे दागिने घेऊन मास्तरसंगं पळते.

संस्कारी बाबा

😐

ईराची_आई

सगळे बापाबद्दल बोलताय. दीदीराजेंबद्दल कोणी बोलेल का? महाराजांची चालता न येणारी मुलगी, कवी भेटतो, प्रेम होतं, धाक झुगारते आणि पायात बळ येतं. 

माझी मुलगी व्हीलचेअरवर आहे. जन्मापासून. अकरावीला हा भाग आला तेव्हा तिच्या बाईंनी (कॉलेज कुठलं ते सांगत नाही) वाचनासाठी पात्रं वाटली आणि तिला दीदी दिली. 'तुला अगदी शोभेल.' मग वर्गात समारोप काय? इच्छाशक्ती असेल तर माणूस कशावरही मात करतो, दीदीराजेंकडून हे शिकावं. पस्तीस पोरं तिच्याकडे बघतायत. घरी येऊन मला म्हणाली, आई, म्हणजे माझी इच्छा कमी पडतेय का?

तुमचं संस्थान, जमैका सगळं ठीक आहे. पण 'कुटुंबातला संघर्ष' शिकवताना अपंग मुलीचं शरीर फळ्यासारखं वापरायचं आणि तास संपला की पुसायचं, यावर खडूपुसणी बाईंचं काय मत आहे? नाव तुमचंच आहे म्हणून विचारते.

नाटकवेडा

ताई, तुमच्या भावना समजतात, पण नाटकात प्रतीक नावाची गोष्ट असते. दीदीचे पाय म्हणजे दबलेलं मन. मूळ नाटकातही एलिझाबेथ आजारी, खिळलेली आणि पुढे उभी राहते. हे रंगमंचीय सत्य आहे, वैद्यकीय नव्हे. प्रत्येक कलाकृतीत आपला घरगुती प्रश्न शोधायला लागलो तर उद्या 'नटसम्राट'वर वृद्धाश्रमवाले मोर्चा काढतील.

ईराची_आई

प्रतीक तुमच्यासाठी, पायऱ्या आमच्यासाठी. तिची मराठीची वर्गखोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट 'स्टाफसाठी'. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा होऊन इतकी वर्षं झाली. दबलेलं मन दाखवायला दरवेळी आमचेच पाय कसे सापडतात? एकदा एखाद्या टकल्याच्या डोक्यावर प्रेमानं केस उगवलेले दाखवा ना प्रतीक म्हणून.

नाटकवेडा

वैयक्तिक होऊ नका. मी टक्कल पडलेला आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

ईराची_आई

मला माहीत नव्हतं. पण आता तुम्हाला कळलं, कसं वाटतं ते.

तिरकी_मात्रा

🤣🤣 धागा वसूल.

नाटकवेडा

हसा. माझ्या आत्याचे पाय नवऱ्याच्या घरी असताना गेले होते, डॉक्टरांना काही सापडलं नाही. माहेरी आणल्यावर वर्षभरात ती चालायला लागली. मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा दीदीराजेंच्या बाबतीत 'असं होत नाही' हे मला सांगू नका. काही घरं माणसाचे पाय काढून घेतात.

ईराची_आई

आत्याबद्दल काही म्हणत नाही. अशी माणसं असतील. पण वर्गात बाई 'काही वेळा धाकानं शरीर आखडतं' असं म्हणत नाहीत, 'इच्छाशक्ती असेल तर' असं म्हणतात. पहिल्यात दोष घराचा. दुसऱ्यात दोष माझ्या लेकीचा.

खडूपुसणी

ईराची आई, हे शेवटचं तुम्ही म्हणालात ते कुठल्या समीक्षेत वाचायला मिळालं नव्हतं. नाटकात घर दोषी आहे, हे मी वर लिहिलंच. वर्गात ते फिरवून मुलीच्या जिद्दीवर आणलं जातं, कारण बापाला दोषी म्हणायला मास्तरही कचरतात. खाली पालक बसलेत ना, संस्कारी बाबांसारखे. मग सोपी वाट : बापाला 'कर्तव्यकठोर' म्हणायचं, मुलीला 'जिद्दी'. दोघंही सुटले, कोणाला काही विचारायलाच नको.

पण म्हणून नाटक काढा म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूची नाही. पात्रं वाटणाऱ्या बाईंचा दोष पुलंच्या खात्यावर मांडू नका.

ईराची_आई

काढा म्हटलंच नाही. पुलं वाचत मोठी झालेय मी. पण पुस्तकातला उतारा बदलतो, बाई बदलत नाहीत. मुलगी रोज त्याच वर्गात जाते.

जुनी_वही

उगाच मध्ये बोलतो. 'सुंदर मी होणार' ही ओळ मुळात कवी गोविंदांची. नाशिकचे गोविंद दरेकर, सावरकरांच्या अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेतले, 'रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले' लिहिणारे. ती कविता मरणाबद्दल आहे. मरण येतंय आणि त्यातून मी सुंदर होणार, असा सूर. गोविंद 1926 ला गेले. आणि ते स्वतः पायांनी पांगळे होते. हे पुस्तकात कुठे सांगतात का, विचारून पाहा.

ईराची_आई

हे खरंच माहीत नव्हतं. म्हणजे ओळ ज्याची, त्याला सुंदर व्हायला चालावं लागलं नाही. ईराला आज हेच सांगते. दीदीराजेंपेक्षा हे गोविंद तिला जास्त आवडतील.

नाटकवेडा

बघा, प्रतीकाचा उपयोग झाला की नाही?

ईराची_आई

तुमचा नाही झाला. जुनी_वही यांचा झाला.

रंकाळावेस

अभिनव भारत निघालंय म्हणजे आता पुढची शंभर उत्तरं सावरकरांवर. मी चाललो जेवायला.

वऱ्हाडी_ठेचा

'वाडा चिरेबंदी'चं काय झालं पण?

संस्कारी बाबा

सकाळपासून वाचतोय. महाराज हा वाईट बाप आहे, हे मान्य. खूश? पण 'कर्तव्यकठोर' या शब्दावर मॅडमनी जो टोमणा मारला तो मान्य नाही. माझे वडील कर्तव्यकठोरच होते आणि घरात त्यांनी कोणाचे पाय काढून घेतले नाहीत.

मगाशी मुलीला विचारलं, तुझ्या पुस्तकातले ते महाराज तुला कसे वाटले? म्हणाली, 'कोण महाराज? सरांनी सांगितलं उतारा वाचू नका, गाइडातलं रसग्रहण करा, तेच येतं.' तेव्हा मुलांच्या मनावर परिणाम होतोय ही माझी भीती निराधार होती, हे कबूल करतो. परिणाम व्हायला आधी वाचावं लागतं.

तिरकी_मात्रा

बाबा, आज तुम्ही षटकार मारलात.

खडूपुसणी

कुठलं गाइड? नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.