ल्युपसमुळे किडनी गेली, ट्रान्सप्लांटबद्दल सल्ला हवा (मुंबई)

डोंबिवलीकर:
ताईला बऱ्याच वर्षांपासून ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे. आता दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. भावोजी किडनी द्यायला तयार आहेत, रक्तगटही जुळतो. एक डॉक्टर म्हणतात, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होईपर्यंत थांबा. दुसरे म्हणतात, उशीर करू नका. नव्या किडनीतही ल्युपस उलटला तर? कुठे दाखवावं?

परळची_प्रज्ञा:
मी स्वतः ल्युपसवाली, ट्रान्सप्लांट झालेली. डॉक्टर नाही, तेव्हा हे सगळं त्यांना विचारून घ्या.

आजार शांत हवा आणि स्टेरॉइड कमी डोसवर आलेलं हवं, हे खरंच. पण फक्त डीएसडीएनए किंवा सी३-सी४ (ल्युपस किती सक्रिय आहे ते बघायच्या रक्ततपासण्या) बिघडलेत म्हणून सहसा अडवत नाहीत. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही वर्षानुवर्षं डायलिसिस करण्यापेक्षा ट्रान्सप्लांट बरं, असंच म्हटलंय. ल्युपस नव्या किडनीत परत येऊ शकतो, पण त्यापायी किडनी जाणं क्वचितच. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध ट्रान्सप्लांटनंतरही बहुधा चालू ठेवतात.

मला काळजी वाटते ती वेगळीच. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्तात गुठळ्या करणाऱ्या, ल्युपसमध्ये काहींना असतात) तपासल्यात का? त्या असतील तर नव्या किडनीच्या रक्तवाहिनीत गुठळी व्हायची भीती असते. आधी कळलं तर रक्त पातळ करायच्या औषधाचा बेत ठरवता येतो. आणि ताईंना मुलं आहेत का?

डोंबिवलीकर:
दोन आहेत. का?

परळची_प्रज्ञा:
गरोदरपणात बाळाकडून आलेल्या वडिलांच्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध) आईच्या रक्तात अँटीबॉडी तयार होऊ शकतात. मग नवऱ्याचा रक्तगट जुळूनही क्रॉसमॅच (आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी दात्याच्या पेशींवर हल्ला करतात का, ती चाचणी) पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणजे ती किडनी सहसा चालत नाही. बाहेरचं रक्त चढवलं तरी अशा अँटीबॉडी बनतात. भावोजींच्या बाकीच्या तपासण्यांवर पैसे घालण्याआधी क्रॉसमॅच आणि डीएसए (दात्याविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) करून घ्या.

डोंबिवलीकर:
अरे देवा, हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा रक्तही चढवलं होतं. मग मी दिली तर चालेल?

परळची_प्रज्ञा:
सख्खा भाऊ कायद्याने जवळचा नातेवाईक, त्यामुळे अडचण नाही. पण ल्युपस घराण्यात असू शकतो, म्हणून तुमचीही एएनए (ल्युपसची प्राथमिक रक्ततपासणी) आणि लघवीतल्या प्रोटीनची तपासणी मागा.

घाटकोपरचे_काका:
क्रॉसमॅच नाहीच जमलं तर स्वॅप आहे. दोन कुटुंबांनी दाते अदलाबदल करायचे. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात त्याची सोय आहे. मेंदूमृत दात्याच्या यादीसाठी मात्र नोंदणी हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीकडे (अवयववाटपाची विभागीय समिती) होते, तिथे आपली ओळखपाळख चालत नाही (आणि ते बरंच आहे).

केईएम हॉस्पिटलमध्ये नेफ्रॉलॉजी (किडनीविकार) आणि रुमॅटॉलॉजी (ल्युपस, संधिवात वगैरे) एकाच आवारात आहेत. गर्दी अफाट, पण ल्युपसला दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोलणारे हवेत. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत २०२३ पासून किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा ४.५ लाख केलीय. हॉस्पिटल योजनेत आहे का, ते आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा.

साळसूद:
लसींचंही आत्ताच विचारा. हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया वगैरे आधी उरकतात. जिवंत विषाणूंच्या लसी ट्रान्सप्लांटनंतर देत नाहीत.