मदत हवी आहे: 'इम्पर्व्हियस', 'इम्पर्मिएबल' आणि 'पोरस' मराठीत वेगळे कसे दाखवायचे?

नमस्कार मंडळी,

मातीच्या धरणांवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणतेय आणि या तीन विशेषणांपाशी गाडं अडलंय. पहिली दोन म्हणजे पाणी आरपार जाऊ न देणारं, तिसरं म्हणजे आत बारीक पोकळ्या असलेलं.

कोशांमध्ये पहिल्या दोन्हींपुढे 'अभेद्य' नाहीतर 'अपार्य' सापडतं. अभेद्य किल्ला ठीक आहे, पण चिकणमाती? कुदळीच्या एका घावात तिचं ढेकूळ निघतं, फक्त ती पाणी जाऊ देत नाही. आणि 'अपार्य' मी पाठ्यपुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

मूळ पाहिलं तर इम्पर्व्हियसमध्ये लॅटिन 'विया' आहे, म्हणजे वाट. ऑब्व्हियस, प्रीव्हियस, डीव्हियस ही सगळी तिचीच भावंडं (ऑब्व्हियस म्हणजे मुळात वाटेत आडवं येणारं!). इम्पर्मिएबलमध्ये 'मेआरे', म्हणजे जाणं. वापरात एक फरक दिसतो: टीकेचा परिणाम न होणारा माणूस इम्पर्व्हियस असतो, इम्पर्मिएबल सहसा नाही. मातीच्या बाबतीत मात्र लेखक दोन्ही सरमिसळ वापरतो, त्यामुळे तिथे एकच शब्द ठेवला तरी चालेल असं वाटतं. चूक असेल तर सांगा.

खरी डोकेदुखी 'पोरस'ची. ग्रीक 'पोरोस' म्हणजे वाट, नदीचा उतार (पायी पार करायची जागा). बॉस्पोरस (इस्तंबूलची सामुद्रधुनी) म्हणजे बैलाचा उतार. आपण 'सच्छिद्र' म्हणतो आणि वाचक धरून चालतो की पाणी आरपार जाणार. तसं नसतं. चिकणमातीत पोकळ जागा वाळूपेक्षाही जास्त असू शकते, पण त्या पोकळ्या इतक्या बारीक की पाणी जवळजवळ हलतच नाही. म्हणून तर आपल्याकडे धरणाच्या हार्टिंगला (आतल्या गाभ्याला) काळी माती आणि बाहेरच्या केसिंगला मुरूम. दख्खनच्या बेसाल्ट खडकाचंही तेच. काही थरांत भोकंच भोकं, पण एकमेकांना न जोडलेली, कित्येक तर झिओलाइट नावाच्या खनिजाने बुजलेली. त्यामुळे 'पोरस पण इम्पर्मिएबल' हे मूळ वाक्य अगदी बरोबर आहे. मराठीत मात्र 'सच्छिद्र पण अपार्य' वाचून संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं.

माझा कल 'पाझर'कडे आहे. पाझर तलाव गावोगावी माहीत आहे, मग पर्मिएबलला 'पाझरू देणारी' आणि इम्पर्मिएबलला 'पाझर न होणारी' का नको? पण 'पर्मिएबिलिटी'चं नाम करायला गेलं की 'पाझरक्षमता' होतं, ते जरा सरकारी वाटतं.

पाटबंधाऱ्याच्या कामावर असलेलं कुणी इथे आहे का? साइटवर मुकादम, मिस्त्री अशा मातीला काय म्हणतात? 'पोरस'साठी 'सच्छिद्र'खेरीज, 'पोकळ'च्या जवळ न जाणारा शब्द सुचला तर तोही द्या.